गाणं कुठलं बसवायचं, यावरून

गिटार हातात घेतल्यापासून आमच्याकडे गाणी कमी आणि किस्सेच जास्त जमलेत. पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता येतंय असं शपथेवर सांगावं, असं एकही गाणं नाही. पण कुणाकडे जेवायला गेलो की "अगं रेवती, ते दुकानातलं सांग ना," अशी फर्माईश होते, मी सुरू होते आणि सगळ्यांच्या पोळ्या गार होतात. एक सांगावा तर त्याच्या शेपटीला धरून दुसरा बाहेर येतो.

आम्ही तिघं. मिलिंद पुण्याचा. गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितो, पण बोलताना स्वतः कधी ब्रेक लावत नाही. मंदार डोंबिवलीचा, पण "कुठले तुम्ही?" विचारलं की "मुंबई" म्हणतो. आणि मी नागपूरची. तिघंही चाळिशी ओलांडलेले, मिशिगनमध्ये ट्रॉयला राहणारे, आणि कॉलेजात असताना गिटार घ्यायची राहून गेलेले. दर शनिवारी दुपारी मिलिंदच्या गॅरेजमध्ये जमतो. गाड्या तेवढ्यापुरत्या बाहेर. हिवाळ्यात त्यांच्यावर बर्फ साठत असतो तेव्हा मिलिंदची बायको स्मिता खिडकीतून बघून म्हणते, "गाड्या थंडीत आणि गाढवं गॅरेजमध्ये!"

नियम एकच. गाणं पाळीपाळीनं निवडायचं, आणि ते रॉक नाहीतर हेवी मेटलच पाहिजे. भांडणं झाली ती सगळी या निवडण्यावरून.

* * *

पहिली पाळी माझी होती.

नव्यानं गिटार शिकणारा माणूस एफ नावाच्या कॉर्डला फार घाबरतो. पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरायचं, उरलेल्या बोटांनी कसरत करायची, आणि एवढं करून आवाज काय येतो? फट्! मी ठरवलं, एफ नसलेलं गाणं घ्यायचं. कॉर्डपेक्षा अब्रू महत्त्वाची.

वाद्यांच्या दुकानात गेले. काउंटरवर दाढीची वेणी घातलेला, गळ्यापर्यंत टॅटू काढलेला एक आडदांड गृहस्थ होता. मी मेटलच्या गाण्यांचं पुस्तक उचललं आणि आपण हॉटेलात "यात अंडं आहे का?" विचारतो ना, अगदी त्याच सुरात विचारलं, "एक्स्क्यूज मी, इज देअर एनी एफ इन धिस?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. माझ्या कुर्त्याकडे बघितलं. आणि फार हळुवारपणे म्हणाला, "मॅम, इट्स मेटल. इट्स मोस्टली एफ."

मी म्हटलं, "ओ नो! आय कान्ट डू एफ. माय फिंगर इज नॉट रेडी."

"विच फिंगर?" त्यानं घाबरून विचारलं.

मी बोट वर केलं. पहिलंच, मधलं नव्हे, पण तोवर तो एक पाऊल मागे सरकला होता. मग तो मला हाताला धरल्यासारखा दुकानाच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेला आणि लहान मुलांच्या बडबडगीतांचं पुस्तक हातात ठेवलं. "नो एफ हिअर, मॅम. आय प्रॉमिस."

घरी येऊन उघडलं. पहिल्याच गाण्यात एफ!

* * *

मिलिंदची पाळी आली तेव्हा त्यानं असं गाणं निवडलं, की ते ऐकतानासुद्धा धाप लागावी. ज्वालामुखी फुटतायत, सांगाडे नाचतायत, जग संपतंय आणि गिटारवाला शिलाई मशीन चालवल्यासारखा सुटलाय.

मंदार म्हणाला, "अरे यार, हे आपल्याला या जन्मात जमणार नाही."

"स्पीड अर्धा करायचा," मिलिंद म्हणाला. "मग हळूहळू वाढवायचा. बेसिक इंजिनिअरिंग आहे."

अर्धा केला. जमेना. त्याच्याही अर्धा केला. शेवटी अशा स्पीडला येऊन पोचलो, की एक सूर वाजवून पुढचा वाजेपर्यंत चहाचा घोट घेता यायचा. पण जमायला लागलं! दोन सूर, विसावा. दोन सूर, विसावा.

उन्हाळ्याचे दिवस होते, स्मिताची आई कोथरूडहून आलेली होती. मावशी हळूच गॅरेजमध्ये आल्या, कॅम्पिंगच्या खुर्चीत बसल्या, डोळे मिटले आणि मांडीवर ताल धरला. आम्ही गाणं संपवलं, म्हणजे दमून थांबलो, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"फार शांत वाटलं हो," त्या म्हणाल्या. "कुठल्या देवाचं?"

मिलिंदला सासूशी खोटं बोलता येत नाही. "आई, देवाचं नाहीये. जगाचा नाश होतो, सगळे मरतात आणि सांगाडे नाचतात, त्याच्यावर आहे."

"म्हणजे शंकराचं!" मावशी म्हणाल्या. "तरीच!"

पुढच्या शनिवारी त्या गल्लीतल्या आणखी दोन आज्यांना घेऊन आल्या. एकीनं येताना केळी आणली होती.

* * *

मंदारचा प्रॉब्लेम वेगळा. त्याला गाणं निवडता येतं, पण पुरं करता येत नाही. कुठल्याही गाजलेल्या रॉक गाण्याची सुरुवात सांगा, वाजवून दाखवेल. आणि झक्कास वाजवतो, खोटं कशाला बोला? पण जिथं गायकानं तोंड उघडायचं तिथं हा थांबतो आणि म्हणतो, "हे दुसरं ऐक."

एकदा त्याच्याच घरी पॉटलक होता, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचं जेवण. पाहुणे आग्रह करायला लागले. यानं एक सुरुवात वाजवली, लोकांनी "वाऽ!" म्हणून गायला श्वास घेतला, याचं दुसरंच गाणं सुरू! पुन्हा श्वास, पुन्हा तिसरं गाणं. अर्ध्या लोकांना ठसका लागला.

त्याची मुलगी अन्वी सोफ्यावर फोन बघत बसली होती. मान वर न करताच म्हणाली, "बाबा इज लाइक अ फ्री ट्रायल."

आणि हे फक्त घरच्यांनाच खुपतं असं नाही. मिलिंदच्या शेजारी डोना नावाच्या आजी राहतात, एकट्याच. एका शनिवारी त्या काठी टेकत थेट गॅरेजच्या दारात. आम्ही गार! मिलिंदनं ॲम्प्लिफायर बंद केला. मंदारनं तर गिटार पाठीमागे लपवली, जशी काय ती लपणार होती.

"वुई आर सो सॉरी," मिलिंद म्हणाला. "वुई विल कीप इट डाउन."

"डाउन?" आजी म्हणाल्या. "हनी, मला आवाजाचं काही नाही. मी बागेत काम करत असते. तुम्ही ते सुरू करता, मी मनात पुढचं म्हणायला लागते, आणि तुम्ही थांबता! गेले कित्येक शनिवार माझ्या डोक्यात अर्धी गाणी लोंबकळतायत. प्लीज, एक तरी संपवा!"

मिलिंदनं खुर्ची पुढे केली. आजी बसल्या. मंदारनं आयुष्यात पहिल्यांदा एक गाणं शेवटपर्यंत वाजवलं. मधला भाग कच्चा होता, तिथं आजीच मोठमोठ्यानं गायल्या आणि त्याला ओढत पलीकडे घेऊन गेल्या. संपल्यावर त्या उठल्या, कपडे झटकले आणि म्हणाल्या, "थँक यू. आता मला झोप लागेल."

* * *

मेटलमधल्या काही गाण्यांत गात नाहीत, गुरगुरतात. पोटातून खर्जात आवाज काढायचा, शेजारच्या कुत्र्यानं उलटून उत्तर दिलं की समजायचं जमलं. अशा एका गाण्यावर आमचं एकमत झालं, पण गुरगुरणार कोण? मी आधीच सांगून टाकलं, "माझा नवरा म्हणतो तुला प्रॅक्टिसची गरज नाही, म्हणून मी घेणार नाही." शेवटी ते मिलिंदवर आलं.

घरी स्मिता करू देईना. मग तो ऑफिसला ड्राइव्ह करताना प्रॅक्टिस करायला लागला. काचा बंद, हायवे मोकळा, हा आपला सुटलेला. एकदा शेजारच्या लेनमधल्या बाईनं त्याच्याकडे बघून गाडी हळू केली आणि त्याला पुढे जाऊ दिलं.

एका सकाळी असाच तो मन लावून गुरगुरत होता. गाडीचा फोन ऑफिसच्या मीटिंगला आपोआप जोडला गेलाय, हे त्याच्या लक्षात नव्हतं. तिकडे सगळी टीम बसलेली. मॅनेजरनं नुकतंच विचारलं होतं, की हे काम शुक्रवारपर्यंत होईल का? आणि स्पीकरमधून आलं, "घ्रॉऽऽऽऽर्र!"

मग मॅनेजर जपून म्हणाला, "मिलिंद, इज दॅट अ नो?"

काम पुढच्या शुक्रवारवर गेलं. टीमनं मिलिंदला लंच दिला!

* * *

आमच्या भागातल्या गणपतीच्या कार्यक्रमात आम्हाला दहा मिनिटं मिळाली होती. कार्यक्रमाची व्यवस्था बघणाऱ्या नलूकाकू म्हणजे शिस्तीचं काम. त्यांनी आधी गाण्याचे शब्द मागितले. वाचले. चष्मा काढला.

"यात सैतान आहे."

"एकदाच आहे, काकू," मिलिंद म्हणाला.

"रक्त आहे."

"देवी राक्षसाला मारते तेव्हा रक्त येतंच की."

"ते राक्षसाचं असतं. हे कुणाचं आहे?"

शेवटी तोड निघाली. शब्द काढून टाकायचे, नुसत्या गिटारी वाजवायच्या. आणि कार्यक्रमाचं निवेदन शुद्ध मराठीतच होईल, त्यात तुमचं ते 'हेवी मेटल' असलं इंग्रजी नाव चालणार नाही, असं काकूंनी बजावलं. आम्ही म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल ते म्हणा.

कार्यक्रमाच्या दिवशी निवेदिका माइकसमोर आली, गोड हसली आणि म्हणाली, "रसिकहो, आता मिलिंद, मंदार आणि रेवती आपल्यासमोर सादर करत आहेत, जड धातू!"

मागच्या रांगेतले एक काका लगबगीनं उठले आणि पहिल्या रांगेत येऊन बसले. खिशातून पेन काढलं. आम्ही धडाम् करून सुरुवात केली तेव्हा ते दचकले, पण उठले नाहीत. दहा मिनिटं एकटक बघत होते. मला वाटलं, चला, एक तरी खरा रसिक भेटला!

संपल्यावर ते स्टेजपाशी आले. आयुष्यभर जमशेदपूरला धातूंच्या लॅबमध्ये काम केलेले, आता मुलाकडे आलेले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "छान होतं. पण शिशाबद्दल काहीच बोलला नाहीत."

* * *

आता मिलिंदच्या इंटरव्ह्यूचा. तो स्मितानं जसा सांगितला तसा सांगते, कारण ती तिथं होती.

मिलिंदच्या कंपनीत लेऑफ झाला आणि त्यात तो गेला. वर्क व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की मुदत सुरू होते, तेवढ्यात दुसरी मिळाली नाही तर गाशा गुंडाळायचा. मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला. स्मिताच्या व्हिसावर तिला नोकरी करता येत नव्हती. शनिवारी आम्ही जमायचो, पण कुणी ॲम्प लावायचं नाही. ब्रेक नसलेला मिलिंद तासन् तास गप्प बसायचा आणि एकच सोलो, म्हणजे गाण्यातला नुसत्या गिटारचा तुकडा, पुन्हा पुन्हा वाजवत राहायचा. पाळी त्याची होती, आणि त्यानं एक जुनं, संथ, लांबलचक रॉक गाणं घेतलं होतं. त्यातला तो सोलो.

बऱ्याच ठिकाणांहून नकार आल्यावर प्लेनोमधल्या एका कंपनीचा व्हिडिओ इंटरव्ह्यू लागला. टेक्सास तर टेक्सास. मोठा साहेब होता ग्रेग म्हणून. स्मिता लॅपटॉपच्या मागे, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी, उभी होती. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात ग्रेगला मिलिंदच्या मागच्या भिंतीवरची गिटार दिसली.

"तुम्ही वाजवता? मीही वाजवतो! सध्या काय बसवताय?"

मिलिंदनं गाण्याचं नाव सांगितलं.

ग्रेग हसला. "ते? मला विचाराल तर त्यातला सोलो उगाच लांबवलाय. अर्धा कापला तरी चालेल."

स्मितानं लॅपटॉपच्या मागून हात जोडले. मान जोरजोरात हलवली, हो म्हण, हो म्हण! मिलिंदनं तिच्याकडे बघितलं. ती म्हणते, त्याला सगळं कळत होतं. मुलीची शाळा, व्हिसा, सगळं.

"नो," मिलिंद म्हणाला. "आय डिसअग्री."

आणि मग तो जो सुटला! भिंतीवरची गिटार काढली. कुठला सूर का हवा, कुठली जागा कापली तर गाण्याचा जीव कसा जातो, वाजवून दाखवलं. ग्रेगनंही टेबलाखालून स्वतःची गिटार काढली आणि "हे ऐका, छोटं किती बरं वाटतं," म्हणून वाजवलं. "दॅट इज मर्डर!" मिलिंद ओरडला. स्मिता तिथंच जमिनीवर बसली. वेळ संपली तेव्हा एचआरच्या बाईनं मध्ये डोकावून दोघांना थांबवलं.

"कामाचं काय विचारलं?" स्मितानं विचारलं.

"राहिलंच ते," मिलिंद म्हणाला.

ती त्याच्याशी बोलली नाही. आम्हाला कळलं तेव्हा मंदार म्हणाला, "अरे गाढवा, नोकरीसाठी लोक काय काय बोलतात! तुला एक 'हो' म्हणता येईना?" मिलिंद म्हणाला, "पगार कमी आहे म्हणाला असता तर हो म्हटलं असतं."

पुढच्या शनिवारी आम्ही गॅरेजमध्ये असताना त्याचा फोन वाजला. नंबर टेक्सासचा. त्यानं स्पीकर लावला. स्मिता कणकेच्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली.

ग्रेग होता. ऑफर सोमवारी ई-मेलनं येईल, काम ट्रॉयहून घरूनच केलं तरी चालेल म्हणाला. व्हिसाचं आम्ही बघून घेऊ, काळजी करू नका म्हणाला. मंदारनं मला मिठी मारली. स्मितानं डोळे पुसले, गालाला कणीक लागली.

मग ग्रेग म्हणाला, "बट मिलिंद, यू आर स्टिल राँग अबाउट दॅट सोलो."

मिलिंदनं तोंड उघडलं. स्मितानं झडप घालून फोन हिसकावला.

"येस सर!" ती ओरडली. "ही इज राँग! ही नोज ही इज राँग!"

"आय ॲम नॉट!" मागून मिलिंद.