दिवाळीपर्यंत अळणी

चकलांब्याचा धुळाजी मेंढरांमागं चालताना गाणं म्हणतो. गळा बेसूर, पण त्याच्या बायकोला, बायडाबाईला ते लई गोड लागतं. मधली काही वर्षं या घरानं फार सोसलं. हा गडी कधी भर बाजारात दिसेल त्याला मेंढ्या वाटत सुटायचा, तर कधी महिनोन्‌महिने भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. बीडच्या डॉक्टर ऋतुजाबाईंनी लिथियमची गोळी सुरू केली आणि धुळाजी माणसात आला.

म्हणून दसऱ्याला बायडाबाईनं देवीला नवस बोलला. दिवाळीपर्यंत अळणी खाईन, यांना असंच ठेव. पण धुळाजी कसला ऐकतोय! "तू अळणी खानार अन् म्या खारट? बरं दिसतं का?" म्हणत तोही तेच जेवू लागला. दिवसभर उन्हात घाम गाळायचा आणि घरी येऊन बिनमिठाचं कोरड्यास भाकरीशी खायचं.

आठवडाभरातच त्याचे हात थरथरू लागले, ओकाऱ्या झाल्या, पाय लटपटले.

"गोळीच बाधली. सोडतो आता," तो म्हणाला.

गोळी सुटली की भिंतीकडं तोंड केलेला धुळाजी परत येणार, हे बायडाबाईला पक्कं ठाऊक. तिनं त्याला तसंच बीडला नेलं.

रक्त तपासलं, सलाईन लागलं. जेवणाचं ऐकून ऋतुजाबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, अंगातलं मीठ कमी झालं की शरीर लिथियमच धरून ठेवतं. औषध साठलंय तुमच्यात."

"पर ही गोळी करती तरी काय? गुंगी आनती?" धुळाजीनं विचारलं.

"नाही. मेंदूतल्या पेशीच्या दारात निरोप येतो, मग आत तो हातोहात पुढं जातो. तुमच्या आजारात आतले निरोप नेणारे कधी एका हाकेच्या दहा करतात, कधी मुकाट बसतात. ही गोळी पेशीच्या आत जाऊन त्यांना ताळ्यावर आणते. सगळं अजून आम्हालाही उलगडलेलं नाही."

"म्हंजे गानं माजंच हाय, गोळीचं न्हाई," धुळाजी म्हणाला, आणि त्याला बरं वाटलं.

काही दिवसांनी बेताच्या मात्रेत गोळी परत सुरू झाली. मीठ मात्र रोज सारखंच खायचं, कमी नाही की जास्त नाही.

घरी चुलीवर पहिल्यांदाच दोन पातेली चढली, एक मिठाचं, एक अळणी. धुळाजीला घास उतरेना. "तू बी सोड की अळणी."

"न्हाई. नवस माजा हाय." बायडाबाईनं त्याचं ताट पुढं सरकवलं. "देवीपाशी म्या तुमालाच मागितलंय. मंग मीठ खावा गुमान."