टाचेवरचा काळा डाग

माझ्या हाताला गुण आहे असं लोक म्हणायचे, आणि ते खरंही होतं. स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. उरणकडच्या आमच्या मिठागरांत हंगामाआधी वाफ्यांचा चिखल अनवाणी तुडवून तळ घट्ट करावा लागे. मग कुरुपं घेऊन सगळे माझ्या दारात. बिब्ब्याला दाभण टोचायचं, दिव्यावर धरायचं आणि सुटणाऱ्या तेलाचा चटका नेमका कुरुपावर द्यायचा. एरवी मिशांना पीळ देणारे बाप्ये तेव्हा आईच्या नावाने बोंबलत. खोटं कशाला बोलू, मला मजा यायची.

नवऱ्याच्या टाचेवर काळा डाग उठला तेव्हा मी त्यालाही कुरूपच समजले. दुखत नव्हता, पण कडा वेड्यावाकड्या आणि रंग डांबरासारखा. चटका दिला. खपली पडली, डाग निम्मा झाला, आणि मी आळीभर मिरवून आले.

उरलेला डाग मात्र चिघळला, रक्त येऊ लागलं. तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "हे कुरूप नाही, कॅन्सर आहे. अजून वेळ आहे. मुंबईला जाऊन पाय कापून घ्या."

नवरा घाबरला नाही. "कापूंदे गो," म्हणाला, "जीव तरी ऱ्हाईल."

"डाग बरा व्हत आलाय," मी म्हटलं. "डॉक्टरला बिब्ब्यातलं काय कलतंय?"

नवऱ्याने माझं ऐकलं. घरी आल्यावर मी आणखी दोन चटके दिले. पावसाळ्यानंतर जांघेत गाठ आली. पायाला जखम झाली की जांघेत अवधाणाची गाठ येते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. मी तेल लावून चोळत बसले. गाठ लिंबाएवढी झाली तेव्हा कुठे मोरा बंदरातून लाँच धरून मुंबई गाठली.

इस्पितळात शिरेतून औषध देत. लढाईतल्या विषारी वायूच्या जातीचं आहे, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. नवरा ओकून ओकून पिवळा पडला, पण गाठ सुपारीएवढी झाली. मला नवऱ्याहूनही जास्त सुटल्यासारखं वाटलं. मी वॉर्डात पेढे वाटले.

डॉक्टरांनी पेढा घेतला नाही. "बाई, औषधाने गाठीची वाढ रोखलीय, रोगाचं पसरणं नाही. ती दोन वेगळी कामं आहेत, आणि पसरणं थांबवायचं औषध आमच्यापाशी नाही. तुमच्या बिब्ब्यानेही वरचंच जाळलं."

आठवड्याभरात मांडीच्या कातडीखाली मोहरीसारखे काळे दाणे उठले. मग खोकल्यातून रक्त.

एका दुपारी नवऱ्याने मला जवळ बोलावलं. "खरं सांग गो. पाय कापू दिला न्हायस, त्यो बिब्ब्यावर इस्वास व्हता म्हणून ना?"

"व्हय," मी म्हटलं.

त्यांनी माझा हात धरला, कपाळाला लावला. "मंग तुजी चूक न्हाय," म्हणाले. चार दिवसांनी गेले.

विश्वास वगैरे काही नव्हता. तालुक्याच्या डॉक्टरांचं बोलणं मला तिथल्या तिथे पटलं होतं. पण तेव्हा मी जेमतेम पंचविशीची होते, आणि मला लंगडा नवरा नको होता.