कमिटीचं म्हणणं

आमच्या काशीतल्या अपार्टमेंटच्या सेक्रेटरींच्या तोंडून 'मी' हा शब्द कधी ऐकला नाही. पाणी आलं नाही, तर 'कमिटी बघेल.' गच्चीची चावी मागितली, तर 'कमिटीला विचारावं लागेल.' अध्यक्ष मुलाकडे दिल्लीत राहतात आणि खजिनदार सेक्रेटरींचाच मेहुणा. म्हणजे कमिटी कोण, हे गच्चीवरच्या माकडांनाही ठाऊक आहे! पण बोलताना हात कायम जोडलेले.

परवा पाचव्या मजल्यावरचे काका गेले. काकूंच्या गुडघ्यांसाठीच दोघं दूधविनायकाच्या गल्लीतलं घर सोडून या लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये आले होते. अस्थी गंगेत सोडून काकू घाटावरून परतल्या, त्या गुडघे धरून जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसलेल्या मला दिसल्या. समोर सेक्रेटरी उभे.

"काकू, लिफ्टमध्ये गणपतीचा फोटो आहे ना! सुतक फिटेपर्यंत सीढीनंच जायचं, असं कमिटीचं म्हणणं आहे."

फोटो लावलेलाही यांनीच. ज्या काशीत लोक मरायला येतात, तिथे एका म्हातारीला हा जाच!

माझं डोकंच फिरलं. मी लिफ्टमधला फोटो उतरवला, सेक्रेटरींच्या हातात दिला आणि काकूंना धरून आत घेतलं.

"अहो, हे काय? कमिटी काय म्हणेल?" आता जोडायला त्यांचे हात मोकळे नव्हते.

"कमिटीला म्हणावं, गणपती घे आणि जिन्याने वर ये!" मी म्हटलं आणि पाचव्या मजल्याचं बटण दाबलं.