रक्तातला अंदाज

दादाच्या यकृताचा कर्करोग बराच पसरला होता. डॉक्टरांनी त्याच्या रक्ताच्या रिपोर्टमधल्या दोन आकड्यांखाली पेनाने रेघ ओढली. म्हणाले, "शरीरात दाह किती आहे, ते यावरून कळतं. हाताशी साधारण किती काळ आहे, त्याचाही अंदाज येतो."

एवढ्याशा रक्तात माणसाचे उरलेले दिवस दिसत असतील, तर माझेही माझ्या अंगात आत्ता, या खुर्चीत, मुकाट फिरत असतील.

"मला नका सांगू," दादा उठत म्हणाला. "हिला सांगा."

तो बाहेर गेला. त्याच्यामागे पळत सुटावंसं वाटलं. पण डॉक्टर माझ्याकडे बघत थांबले होते. मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "सांगा."