हिलाल शिंपींचा गाणारा संगणक

हिलाल शिंपी बमरोलीच्या एका कारखान्यात साड्यांच्या नक्षीसाठी मागाच्या पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायचे. भोक असलं की दोरा वर, नसलं की खाली. वीस वर्षं हेच काम. शहाण्णव साली शेठनी नक्षीकामासाठी संगणक घेतला आणि हिलालना तीन महिने उधन्याच्या क्लासला धाडलं. वर्गात सगळी कॉलेजची पोरं-पोरी आणि मागच्या बाकावर चव्वेचाळीस वर्षांचे हिलाल, चष्म्याला दोरी बांधलेले.

तिथं त्यांना ‘साउंड’ नावाची आज्ञा सापडली. आकडा द्यायचा, संगणक तेवढ्या उंचीचा सूर काढायचा. हिलालना वाटलं, ही तर कार्डंच! पण त्यांना ठरलेली चाल वाजवायची नव्हती. त्यांनी नुसते नियम लिहिले: आत्ता सा वाजला असेल तर पुढे रे किंवा ग, आणि दोघांतला कुठला, ते संगणकानं चिठ्ठी टाकून ठरवायचं. चाल दर वेळी नवी.

"सोनालीच्या हळदीला हाच वाजेल," लेकीचं लग्न ठरल्यावर त्यांनी घरी जाहीर केलं.

"लोक बँड आणतात," त्यांची बायको उषाबाई म्हणाल्या. "तुम्ही टीव्ही आणा."

एक दिवस संगणक द्यायला शेठ हसत हसत कबूल झाले. सुट्टीच्या दिवशी गादीत गुंडाळलेला संगणक हातलारीवरून मांडवात आला. आतला स्पीकर बोराएवढा, म्हणून त्याच्यापुढे माइक धरला. टूं, टुं, टीं! बायका आधी दचकल्या, मग हसल्या, मग त्या सुरांवर हळदीचं गाणं म्हणायला लागल्या.

पहिलं कडवं जमलं. दुसऱ्याला बायका शेवटाला आल्या, संगणक मात्र भलतीकडेच चढत गेला. त्यांनी पुन्हा ओळ म्हटली, तो आणखी वर. सोनालीच्या गालावर हळदीचा हात तसाच थांबला. हिलालची आत्या कलाबाई, सत्तरीची, धुळ्याकडून खास गाण्यासाठी आलेली, ताडकन उठली.

"हिलाल, हाई गानं घरच येत नही ना भो!"

"आत्या, तो चिठ्ठी टाकून सूर निवडतो."

"चिठ्ठी टाकीसन कोनी गातं का?"

हिलालनी तो बंद केला. चेहरा उतरला होता. तेवढ्यात आत्याच त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसली. आपण कसं गातो ते तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. आता ती बोटं मोजत सांगू लागली: चार पावलं जायचं, चार पावलं परत. वर गेल्यावर उडी मारायची नाही, पायरीपायरीनं उतरायचं. दम घ्यायला एक जागा मोकळी ठेवायची. हिलाल एकेक ओळ टंकत गेले. मांडवभर बायका हळदीचे हात वर धरून वाट बघत होत्या.

संगणक पुन्हा वाजला. वर गेला, वळला, आठव्या सुराला नीट सा वर येऊन टेकला. आत्यानं मांडी थोपटली. "आते बरा शे."

त्या दिवशी एकवीस गाणी झाली.

मग हिलालना नादच लागला. कुणाकडे गाणारी बाई आली की ते वही घेऊन हजर. पण एकीचा नियम दुसरीला पटेना. चलथाणच्या वत्सलाबाई म्हणाल्या, मध्ये दम कशाला, सुरात खंड पडतो. दोघींचं एका प्रोग्राममध्ये चालेना, म्हणून हिलालनी प्रत्येकीची वेगळी फ्लॉपी केली, वर नाव लिहून. आपल्या नावाची फ्लॉपी झाली नाही म्हणून आणखी दोघीजणी रुसल्या.

उषाबाई कधी गात नसत. एका सकाळी भाकरी थापताना त्या गुणगुणत होत्या: तीन सूर, थांबा, पुन्हा तेच तीन, पण उलटे. हिलालनी हळूच वही उघडली.

"लिहू नका," मागं न बघता त्या म्हणाल्या. "हे माझं मीच म्हणणार."

हिलालनी पेन्सिल कानावर ठेवली आणि भाकरी होईपर्यंत ऐकत बसले.