हौसाबाईंचे दोन पत्ते आणि आमचा डेटाबेस

त्या दिवशी मंचरच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचा पाचवा की सहावा डेमो होता. साल दोन हजार तीन-चार असेल, जानेवारी महिना. लाइट जायच्या आत उरकावं, एवढीच माझी अपेक्षा उरली होती...

आमची संस्था आंबेगाव-जुन्नर भागात दवाखाने चालवायची आणि मी तिथली कॉम्प्युटरवाली मॅडम. तळेघरच्या दवाखान्याची नोंद रजिस्टरात, गावोगाव फिरणाऱ्या गाडीची एक्सेलमध्ये, आणि मंचरची एका जुन्या फॉक्सप्रो प्रोग्रॅममध्ये. तो प्रोग्रॅम लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता.

हे सगळं एका जागी आणायला कुठला डेटाबेस घ्यायचा, यावर वर्षभर नुसत्या मीटिंगा चालल्या होत्या. ट्रस्टींना पुण्याच्या एका कंपनीचं मोठं तयार पॅकेज हवं होतं. मी म्हणत होते, कॉम्प्युटरवर आधीच असलेल्या अ‍ॅक्सेसमध्ये आपणच करू... पण खरं सांगते, डोक्याचा इतका भुगा झाला होता की शेवटी शेवटी मला काहीही चाललं असतं. एकदाचं ठरवा आणि मला सोडा.

डेमो सुरू होणार, तेवढ्यात बाहेर ओपीडीत आवाज चढला. तळेघरच्या वरच्या वाडीतल्या हौसाबाई. टीबीच्या पेशंट, तपासणीला आलेल्या.

गाडीच्या एक्सेलमध्ये त्यांच्या औषधाची सुरुवात दिवाळीनंतरची दिसत होती. त्यामुळे कोर्स अजून बराच बाकी आहे, असं डॉक्टर समजावत होते. हौसाबाई काही ऐकेनात. "आवो, पावसाळ्यापासनं गिळतेय मी! वर तळेघरला सिस्टरच्या म्होरं गिळत व्हते. आता परत पयल्यापासनं न्हाई गिळनार. लई झालं."

गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवून त्या निघाल्यासुद्धा. टीबीचं औषध अर्धवट सोडलं की काय होतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी त्यांना थांबवायला धावले.

तळेघरच्या सुनंदा सिस्टर महिन्याच्या मीटिंगला आल्या होत्या म्हणून निभावलं. हौसाबाईंना बघून त्या चाटच पडल्या. "अगं, तू हितं? मी तर तुझ्या नावापुढं औषध सोडलं म्हणून लिहून मोकळी झाले!"

"सोडलं कुठं? भात काढून झाला, आन् खाली बोरीला कांद्याच्या लागणीला आलो. दरसाली येतो की. तुमची गाडी वावराच्या कडंला यायची, तिथं घेत व्हते."

म्हणजे वरच्या रजिस्टरात त्या पळून गेलेल्या आणि खालच्या एक्सेलमध्ये नव्याने आलेल्या. बाईंनी औषध मात्र चुकवलं नव्हतं... भात झाला की डोंगरातली कितीतरी कुटुंबं खाली कामाला उतरतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. नोंदी ठेवताना कुणाच्या डोक्यात आलं नाही, एवढंच.

सिस्टरांनी त्यांना कसंबसं बाकावर बसवलं, चहा दिला. मी आत गेले आणि डेमो द्यायला आलेल्या पुण्याच्या साहेबांना म्हटलं, तुमचा तयार डेमो राहू द्या, या बाईंची नोंद भरून दाखवा.

त्यांनी पत्त्यात तळेघर भरलं. मग बोरी बुद्रुक भरलं, तर तळेघर पुसलं गेलं.

"मॅडम, एका माणसाला पत्ता एकच असणार ना?"

"आमच्याकडं नाय तसं," सिस्टर दारातूनच म्हणाल्या.

साहेब म्हणाले, पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. ट्रस्टींनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या वर्षात पहिल्यांदाच कुणी वाद घातला नाही... अ‍ॅक्सेस ठरलं. पत्त्यांचं वेगळं टेबल, म्हणजे तक्ता, करायचा आणि माणसाला हवी तेवढी गावं जोडायची.

सिस्टरांचं रजिस्टर सोबत होतंच. त्याच दुपारी कच्चं टेबल करून मी पहिली नोंद हौसाबाईंची केली. वरचं आणि खालचं औषध एकाखाली एक आलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "अहो, यांचं तर संपतच आलंय." सिस्टरांनी पाकीट पुन्हा पुढे केलं. हौसाबाईंनी आम्हा सगळ्यांकडे बराच वेळ पाहिलं... आणि घेतलं.

पुढे सगळ्या नोंदी त्यात ओतता ओतता माझी मान गेली, डोळे गेले. प्रोग्रॅम दिसायला ओबडधोबड, चालायला गोगलगाय. कौतुक वगैरे कुणी केलं नाही.

कोर्स संपला, तपासणीचा रिपोर्ट चांगला आला. हौसाबाई माझ्या टेबलापाशी आल्या. "मग आता माजं नाव काडा तुमच्या मशीनीतनं."

"काढता येत नाही हो मावशी. बऱ्या झाल्या, असं लिहिलंय."

"मग ऱ्हाऊ द्या. पन गोळीला परत हाक नका मारू."

आज कुणी डेटा, सिस्टीम वगैरे उत्साहाने बोलायला लागलं की मला आधी थकवाच येतो. पण आमचा एवढा गोंधळ बघूनही त्या बाईंनी आमचं ऐकलं... त्याबद्दल मी त्यांची फार आभारी आहे. त्या तशाच निघून गेल्या असत्या, तर आमच्याकडे त्यांच्या नावापुढे 'औषध सोडलं' एवढंच राहिलं असतं, आणि चूक त्यांचीच, असं आम्ही मानलं असतं.