आठवड्याला पाच

वैद्यबुवांनी आयुष्यात कुणाला साधी गोळीसुद्धा दिलेली नाही. आमच्या कारखान्यात ते चष्म्याच्या काचा घासतात, माझ्या शेजारच्या यंत्रावर, गेली एकवीस वर्षं. हे नाव पडलं ते मोबाइलवरच्या एका खेळामुळे. त्यात पाच जणांच्या टोळीनं अंधाऱ्या तळघरात उतरायचं, राक्षस मारायचे, खजिना घेऊन वर यायचं. तळघराला म्हणायचं डंजन, एका फेरीला रन. टोळीत एक वैद्य लागतो. तो कुणाला मारत नाही, मार खाणाऱ्यांना जिवंत ठेवतो. पन्नाशीचा माणूस हे करतो म्हणून आम्ही पोट धरून हसायचो.

कारण कळलं तेव्हा हसू ओसरलं. घटस्फोटानंतर मुलगी आईबरोबर दुसऱ्या शहरात गेली. फोनवर 'हं' आणि 'बरं'च्या पुढे गाडी सरकायची नाही. पण शनिवारी दुपारी अर्धी पाळी सुटली, की ती तलवार घेऊन पुढे आणि हे मलमपट्टी करत मागे. "बाबा, मागेच राहा! बाबा, वाचवा मला!" त्या एका तासावर हा माणूस आठवडा काढायचा.

पोरगी मात्र रोज खेळायची, दिवसाला दहा-दहा रन. दर रनला खेळाडूचं बळ वाढतं, त्यामुळे ती खेळात कुठच्या कुठे पुढे गेली.

"माझी मलमपट्टी आता तिला पुरत नाही हो," बुवा एकदा म्हणाले. "आणखी दोन महिन्यांनी मी तिच्या गळ्यातलं लोढणं होणार."

तेवढ्यात खेळ बनवणाऱ्या कंपनीनं खेळाडूंना विचारलं: आठवड्याला पाचच रन ठेवायचे का? चर्चेच्या पानावर रणकंदन माजलं. पोरं म्हणत, वेळ आमचा, तुमचं काय जातं? बुवांनी डबा खाता खाता उत्तर लिहिलं आणि मी ते नीट करून दिलं. दिवसभर राबणाऱ्यानं बरोबरीनं चालूच नये का? रिकामटेकड्यांनीच का पुढे जावं? हजारोंनी ते उचलून धरलं. मुलीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मर्यादा लागू झाली, तेव्हा आम्ही सगळ्यांना चहा पाजला.

पहिल्या शनिवारी बुवांनी यंत्र पुसलं, बाकावर बसले आणि फोन लावला. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू आलं.

"उतरूया का गं?"

"बाबा, माझे पाच संपले. मैत्रिणींबरोबर."

"एखादा ठेवायचास माझ्यासाठी."

"आधी कितीही असायचे, म्हणून तुम्हाला एक देता यायचा. आता पाचच आहेत ना! कुठल्या दीडशहाण्यानं हे मागितलं कोण जाणे."

बुवा म्हणाले, "हं." मग म्हणाले, "बरं."

मला कंपनीचा राग येत नाही, आमचा येतो. पोरीला मागे ओढायला निघालो होतो आणि त्याला न्याय म्हणत होतो.

बुवा अजूनही पाचही रन शनिवारसाठी राखून ठेवतात. ती येत नाही. रविवारी पाचही बुडतात. उरलेले रन पुढच्या आठवड्यात नेता येऊ नयेत, अशी एक ओळ त्या उत्तरात होती. ती मी घातली होती.